पाहावयाचा प्रांत आणि फ्रेंच लेखनाचा सराव

फ्रेंच विषय घेतलेल्या मुलामुलींचे पालक भेटले म्हणजे एक प्रश्न हमखास विचारतात: "व्याकरण पाठ आहे, शब्दही पुष्कळ येतात, पण चार ओळी स्वतःच्या लिहावयास सांगितल्या की लेखणी अडते. यावर उपाय कोणता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून, आम्ही वर्गात जो एक अभ्यास देत असतो त्याची फोड येथे करून दाखवावी असे योजिले आहे. अभ्यास अगदी साधा: ज्या प्रांती तुम्हांस जावेसे वाटते, त्या प्रांताविषयी फ्रेंच भाषेत लिहा.

लेखणी का अडते, हे प्रथम पाहू. पुष्कळांस वाटते की शब्द कमी पडतात. परंतु ज्यास तीनशे शब्द येतात तो तीनशे शब्दांत बरेच काही सांगू शकतो. लहान मूल त्याहून थोड्या शब्दांवर सारे घर नाचविते. मुलाजवळ शब्द असतात, पण त्या भाषेत कोणास काही सांगावे अशी निकड त्याला नसते. 'माझी शाळा', 'माझे कुटुंब', 'उन्हाळ्याची सुट्टी' हे विषय त्याने मराठीत, हिंदीत व इंग्रजीत लिहून झालेले असतात. चौथ्यांदा तेच फ्रेंचमध्ये लिहिताना मन कोठेच गुंतत नाही. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून यावे?

मग मूल पाठांतराचा आश्रय घेते. बुधवार पेठेतील मुलांस तर हा आश्रय अगदी दारातच आहे. आप्पा बळवंत चौकात पावलोपावली पुस्तकांची दुकाने, आणि त्यांत तयार उत्तरांच्या पुस्तकांस तोटा नाही. पॅरिस शहरावरील वीस ओळींचा निबंध पाठ करावा, परीक्षेत उतरून काढावा, गुण पदरात पाडून घ्यावे, असा सरधोपट मार्ग पडून गेला आहे. गुण मिळविण्यात गैर काहीच नाही. परंतु अशाच एका हुशार मुलाने तो निबंध आम्हांस घडाघडा म्हणून दाखविला. आयफेल मनोरा, सेन नदी, लूव्हरचे संग्रहालय, सारे त्यात होते. आम्ही त्यास फ्रेंचमध्येच विचारले, "यांपैकी तुला काय पाहावेसे वाटते?" प्रश्न त्यास समजला, त्यातील प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा होता, पण उत्तर पुस्तकात नव्हते, म्हणून तो गप्प राहिला. या मुलाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

काही पालक दुसरीच शंका काढतात. "गुरुजी, फ्रान्सला धाडण्याइतकी आमची ऐपत नाही. न घडणाऱ्या प्रवासाची स्वप्ने मुलास कशाला दाखवावी?" ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात शाळेच्या फीचा मेळ महिन्याच्या पहिल्या तारखेपासून घालावा लागतो, त्या घरातील बापाच्या तोंडी ती शोभते. तथापि एक गोष्ट त्यांनी ध्यानी घ्यावी. आमच्यापैकी कित्येकांच्या आजीने काशी किंवा यरुशलेम डोळ्यांनी पाहिले नव्हते. तरी तेथील घाट, वेशी व डोंगर ती नावानिशी सांगत असे. ऐकून ऐकून आणि सांगून सांगून तो प्रांत तिच्या बोलण्यात येऊन राहिला होता. प्रांत पाहण्याची इच्छा धरण्यास पैसा पडत नाही. आणि ती इच्छा नीट शब्दांत मांडता आली, तर भाषेच्या दृष्टीने काम झाले. पुढे शिष्यवृत्तीने म्हणा, नोकरीने म्हणा, जाण्याचा योग आलाच, तर तो मुलगा तेथे अगदीच परका म्हणून उतरणार नाही. योग न आला, तरी शिकलेली भाषा कोणी काढून घेत नाही.

प्रांत कसा निवडावा

आमचा पहिला नियम असा: राजधानी सोडून द्यावी. पॅरिसविषयी सर्वांनी सर्व लिहून ठेवले आहे, म्हणून मुलास स्वतःचे असे काही उरत नाही. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. ज्या प्रांताशी आपला एखादा धागा जुळतो, तोच प्रांत घ्यावा. असे धागे आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ आहेत. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली ती मार्सेय बंदरात. ज्यास इतिहासाची गोडी आहे त्याने प्रोव्हाँस प्रांत घ्यावा. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्सच्या उत्तर भागात लढले. मार्च १९१५ मध्ये नव शापेल येथे मोठी लढाई झाली, व १९२७ साली तेथे हिंदी सैनिकांचे स्मारक उघडण्यात आले. ज्याच्या घराण्यात लष्करी नोकरीची परंपरा आहे, त्याने तो प्रदेश घ्यावा.

पुण्याच्या मुलांस आम्ही बहुधा साव्वा प्रांत सुचवितो. इंग्रजी पुस्तकांत यालाच सॅव्हॉय म्हणतात. हा आल्प्स पर्वतातील प्रांत इटली व स्वित्झर्लंड यांच्या हद्दीस लागून आहे. याचा पुण्याशी कोणता संबंध, असे कोणी विचारील. उत्तर वानवडीस आहे. तेथे महादजी शिंद्यांची छत्री आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजींचा अंत वानवडीसच झाला. त्यांच्या कवायती फौजेचा सेनानी आपल्याकडे डी बॉईन या नावाने ओळखला जातो. त्याच्या नावाचा फ्रेंच उच्चार 'द ब्वान्य'. तो १७५१ साली साव्वाच्या शांबेरी या शहरात जन्मला. १७८४ साली तो शिंद्यांच्या चाकरीत शिरला, त्याने पलटणी उभ्या करून त्यांना युरोपीय कवायत शिकविली, आणि १७९० च्या पाटण व मेडता येथील लढायांत या पलटणींनी शिंद्यांस जय मिळवून दिला. पुढे तो मायदेशी परतला, आणि १८३० साली शांबेरीतच मरण पावला. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्याने त्या शहरातील वृद्ध, आजारी व निराधार लोकांसाठी दिला. त्याच्या स्मरणार्थ १८३८ साली शांबेरीच्या लोकांनी एक कारंजे बांधिले. चार दिशांस तोंडे केलेले चार हत्ती, मध्ये उंच स्तंभ, आणि स्तंभावर द ब्वान्यचा पुतळा. हत्तींचे केवळ पुढचे अर्धे अंग घडविले आहे. मागची बाजू स्तंभात लुप्त झाली आहे. आल्प्सच्या बर्फाळ वाऱ्यात उभे असलेले हे हत्ती पाहावयास मिळावे, असे पुण्याच्या कोणत्या मुलास वाटणार नाही?

माहितीची जुळवाजुळव

इच्छा झाली, आता माहिती हवी. ती थोडी असावी, पण खरी असावी. वहीच्या पानाचे दोन भाग करावे. डावीकडे प्रांताविषयी आठ किंवा दहा गोष्टी मराठीत टिपाव्या. उजवीकडे प्रत्येक गोष्टीस लागणारे दोनच फ्रेंच शब्द लिहावे. बुधवार पेठेतच १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे. शाळेचे ग्रंथालय आहे. घरी नकाशाचे पुस्तक असेल. एवढ्या सामग्रीवर साव्वाविषयी पुढील गोष्टी सहज मिळतात.

साव्वाच्या भूमीचे हल्ली दोन जिल्हे आहेत, साव्वा आणि ओत साव्वा; 'ओत' म्हणजे वरचा. वरच्या साव्वात माँ ब्लाँ हे सुमारे ४,८०८ मीटर उंचीचे शिखर आहे; त्यावर पहिले चढणारे बाल्मा व पाकार हे दोघे ८ ऑगस्ट १७८६ रोजी माथ्यावर पोहोचले. शांबेरीजवळ बुर्जे नावाचे सरोवर आहे. ते सुमारे १८ किलोमीटर लांब असून लामार्तीन या कवीच्या एका प्रसिद्ध कवितेचा विषय झाले आहे. शहराबाहेर ले शार्मेत नावाचे घर आहे. तरुणपणी रूसो तेथे राहत असे. पूर्वी हा प्रांत साव्वाच्या ड्यूक घराण्याचा होता; पुढे ते घराणे सार्डिनियाच्या गादीवर आले, आणि १८६० साली हा मुलूख फ्रान्सकडे गेला. म्हणजे द ब्वान्य जन्मला तेव्हा त्याचे गाव फ्रान्समध्ये नव्हते, ही गोष्ट चांगल्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी. हिवाळी ऑलिंपिक सामने १९२४ साली शामोनी येथे व १९९२ साली आल्बेरव्हिल येथे झाले. ही दोन्ही गावे याच मुलखातली.

यांत एखादी गोष्ट मुलास सलेल तर अधिकच चांगले. एका मुलीने आम्हांस विचारले, "त्याने शांबेरीच्या गरिबांस पैसे दिले, पण ते आले कोठून?" ते हिंदुस्थानातील लढायांतून व जहागिरीतून आले होते. तिला आम्ही हाच प्रश्न फ्रेंचमध्ये लिहून निबंधात घालावयास सांगितले: "दू व्यें सेतार्जां?" हा पैसा कोठून येतो? तिच्या निबंधातील सर्वांत चांगले वाक्य तेच ठरले.

वाक्यांची बांधणी

येथे छपाईच्या सोयीसाठी फ्रेंच वाक्ये नागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल अशा रीतीने दिली आहेत. वहीत मात्र ती फ्रेंच वर्णांनीच, स्वरांवरील चिन्हे न गाळता लिहावी.

पहिले वाक्य इच्छेचे. "ज वुद्रे विझिते ला साव्वा." मला साव्वा पाहावयास आवडेल. येथे 'ज व' असेही म्हणता येते. पण त्यात 'मला पाहिजे' असा हट्टाचा सूर आहे. 'वुद्रे' या रूपात विनय आहे. मराठीत 'दे' आणि 'देशील का' यांत जो भेद आहे, तोच येथे समजावा.

दुसरे वाक्य ठिकाणाचे. मराठीत आपण पुण्यात, कोकणात, महाराष्ट्रात असा एकच प्रत्यय सर्वत्र लावितो. फ्रेंच भाषा तसे करीत नाही. शहरापूर्वी 'आ' येतो: आ शांबेरी. स्त्रीलिंगी प्रांतापूर्वी 'आं' येतो: आं साव्वा, आं ब्रताञ, आं प्रोव्हाँस. पुल्लिंगी प्रांतापूर्वी बहुधा 'दां ल' येते: दां ल ज्युरा. म्हणून प्रांताचे नाव त्याच्या लिंगासकट पाठ करावे.

लिंगाची गोष्ट निघाली, तर येथे थोडे थांबू. मराठीत तीन लिंगे, फ्रेंचमध्ये दोन. जुळणी मनाने करू गेल्यास फसगत होते. नदी दोहींकडे स्त्रीलिंगी आणि पूल दोहींकडे पुल्लिंगी. पण आपला डोंगर पुल्लिंगी असून त्यांचा 'मोंताञ' स्त्रीलिंगी आहे. आपले शहर नपुंसकलिंगी, त्यांचे 'वील' स्त्रीलिंगी. आपले तळे नपुंसकलिंगी, त्यांचे 'लाक' पुल्लिंगी. यास युक्ती नाही. 'लाक' असा सुटा शब्द न लिहिता नेहमी 'ल लाक' असाच लिहावा व म्हणावा. सहा महिन्यांत कान आपोआप सांगू लागतो.

तिसरे वाक्य तेथे काय आहे ते सांगणारे. "इल् या" म्हणजे आहे, आणि आहेतसुद्धा. आपल्याकडे एक हत्ती आहे, चार हत्ती आहेत. फ्रेंचमध्ये हत्ती एक असो की चार, 'इल् या' बदलत नाही. मुलांस हा मोठाच दिलासा वाटतो, व या एका पदावर निबंधाचा अर्धा भाग उभा राहतो.

नद्यांविषयी लिहिताना फ्रेंच भाषा एक सुंदर भेद करिते. जी नदी समुद्रास मिळते ती 'फ्लव', आणि जी दुसऱ्या नदीस मिळते ती 'रिव्हिएर'. साव्वातील इझेर नदी पुढे रोन नदीस मिळते, म्हणून ती रिव्हिएर. रोन भूमध्य समुद्रास मिळते, म्हणून ती फ्लव. आता आपल्या मुठेस काय म्हणाल? मुठा मुळेस मिळते, मुळामुठा भीमेस, भीमा कृष्णेस. कृष्णा मात्र बंगालच्या उपसागरास. तेव्हा आपली मुठा ही रिव्हिएर, आणि कृष्णा ही फ्लव. एकदा मुठेवरून हा भेद समजला की तो विसरत नाही.

विशेषणे बहुधा नामाच्या मागून येतात. 'माँ ब्लाँ' यातच पाहा: आधी डोंगर, मग पांढरा. परंतु लहान, मोठा, सुंदर, जुना, चांगला अशी नित्याची छोटी विशेषणे नामाच्या पुढे येतात: 'ग्रांद वील', मोठे शहर.

शेवटचे वाक्य संकेताचे. "सि जाले आं साव्वा, ज वेरे ल लाक." मी साव्वास गेलो, तर ते सरोवर पाहीन. येथे पुष्कळ मुले 'सि' च्या पुढेच भविष्याची छटा असलेले रूप घालतात व चुकतात. त्यांनी मराठीचे स्मरण करावे. आपणही 'जाईन तर' न म्हणता 'गेलो तर' म्हणतो. रूप भूतकाळाचे, अर्थ पुढचा. फ्रेंचही 'सि' नंतर भूतकाळाचेच रूप घेते. अशा ठिकाणी मातृभाषा हाच उत्तम गुरू होय.

चार हत्ती

आता त्या गप्प राहिलेल्या मुलाकडे वळू. त्यास आम्ही वीस ओळींऐवजी चारच ओळी आणावयास सांगितल्या. अट एवढीच, की त्या कोणत्याही पुस्तकात नसाव्या. दुसऱ्या दिवशी त्याने जे आणिले त्याचा मराठी अर्थ असा: "मला शांबेरी पाहावयास आवडेल. शांबेरीस चार हत्ती आहेत. हे हत्ती हिंदुस्थानचे आहेत. मी त्यांस विचारीन, तुम्हांस थंडी वाजते का?"

व्याकरणाच्या दृष्टीने पहिल्या तीन ओळी बिनचूक होत्या. चौथीत त्याने 'एत-वू फ्र्वा' असे लिहिले होते. त्याचा अर्थ 'तुम्ही थंड आहात का' असा काहीसा होतो, आणि निर्जीव हत्तींस तो प्रश्न विचारणे व्यर्थच! फ्रेंच मनुष्य थंडी 'असतो' असे म्हणत नाही. त्याच्याजवळ थंडी 'असते'. म्हणून 'आवे-वू फ्र्वा?' असे हवे. तहान, भूक, भीती, एवढेच नव्हे तर वयसुद्धा याच रीतीने सांगतात. 'मी बारा वर्षांचा आहे' याऐवजी 'मजजवळ बारा वर्षे आहेत' असे ते म्हणतात. हवेविषयी बोलताना मात्र 'इल् फे फ्र्वा', म्हणजे शब्दशः 'थंडी करते'. हा सारा नियम वर्गास पूर्वी दोनदा फळ्यावर लिहून दिला होता. पण त्या दिवशी तो हत्तींमुळे कळला. कारण या वेळी त्या मुलाला खरोखरच काही विचारावयाचे होते. त्यानंतर त्या वर्गात ती चूक पुन्हा क्वचितच दिसली.

यावरून सरावाची पद्धती ठरते. प्रथम कोश न उघडता, येत असलेल्या शब्दांतच लिहावे. शब्द अडला तेथे रेघ सोडावी. नंतर कोशातून फार तर पाच शब्द घ्यावे. याहून अधिक घेतल्यास वाक्य आपले राहत नाही. मग मोठ्याने वाचावे. 'र्‍यू' म्हणजे रस्ता, यातील स्वरासाठी ओठ 'ऊ' साठी करितो तसे गोल करावे व जीभ 'ई' च्या जागी ठेवावी. चुका दाखविल्या म्हणजे तोच निबंध आठवड्याने, जुना न पाहता, पुन्हा लिहावा. पहिल्या निबंधाहून दुसरा दोन ओळींनी मोठा झाला, तर सराव चालू आहे असे समजावे.

उलट टपाली

हा अभ्यास येथेच संपविल्यास अर्धाच होतो. साव्वाविषयी दहा ओळी लिहिणाऱ्या मुलास आम्ही लगेच सांगतो: शांबेरीतील तुझ्याच वयाच्या एखाद्या मुलाने बुधवार पेठ पाहण्याची इच्छा धरिली आहे, असे समज, आणि त्यास पत्र लिही. आरंभीच एक प्रश्न उभा राहतो: त्यास तू म्हणावे की तुम्ही? येथे मराठी मुलाचे काम सोपे आहे. समवयस्कास 'त्यु', त्याच्या गुरुजींस 'वू'. आपल्या तू आणि तुम्ही यांचाच हा जोड.

मग 'पेठ' म्हणजे काय, ते सांगावे लागते. 'कार्तिए' या शब्दाने काम भागते. पण 'बुधवार' कसे सांगावे? येथे मुलांस एक नवल सापडते. फ्रेंचमध्ये बुधवारास 'मेर्क्रदी' म्हणतात, आणि ते नाव मर्क्युरीवरून, म्हणजे आपल्या बुधावरूनच पडले आहे. 'लँदी' हा चंद्राचा, म्हणजे सोमाचा वार. 'मार्दी' मंगळाचा, 'जदी' गुरूचा, 'वांद्रदी' शुक्राचा. शनिवारी व रविवारी मात्र वाटा फुटतात. 'साम्दी' हे नाव शब्बाथावरून आले आणि 'दिमांश' हे प्रभूच्या दिवसावरून. तेव्हा पुण्याच्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंतच्या पेठा शांबेरीच्या मुलास त्याच्याच ग्रहांच्या नावांनी ओळखीच्या वाटतील. आपण रोज ज्या नावाचा पत्ता लिहितो, त्यात हे आहे, याची जाणीव परक्यास समजावून सांगताना झाली.

पत्रात पुढे काय घालावे? पुन्हा तोच नियम: वाचणाऱ्यास धागा द्यावा. नाना फडणिसांनी बांधविलेले बेलबागेचे मंदिर बुधवार पेठेत आहे. त्याच नानांच्या कारकिर्दीत, १७७७ साली, सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्याच्या दरबारी आला, व त्याच्या येण्याने मुंबईकर इंग्रज साशंक झाले. हे कळताच शांबेरीच्या मुलाचे कान टवकारतील. तांबडी जोगेश्वरी, तुळशीबागेतील राममंदिर व भोवतालचा भांडी, बांगड्या, खेळणी यांचा बाजार, यांविषयी 'इल् या' म्हणून लिहावे. भिडे वाड्यासाठी मात्र दुसरा काळ लागतो. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा या वाड्यात काढली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. वाड्याची ती जुनी इमारत २०२३ साली पाडण्यात आली. म्हणून येथे 'इल् यावे', तेथे होता, असे लिहावे. एका अक्षराच्या फरकात काय आहे व काय राहिले नाही, हे सांगण्याची जबाबदारी येते. एका मुलीने हे वाक्य लिहिण्यापूर्वी ती जागा पाहून येण्याची परवानगी मागितली. घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर असूनही तिने ती जागा कधी थांबून पाहिली नव्हती.

असे लिहिणारे दूरदेशीचे लोक खरोखर होऊन गेले, हेही मुलांस ठाऊक असावे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. तो १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली त्याचे मराठी भाषांतर केले. म्हणजे आपल्या भाषेचा इतिहास काही अंशी आपण फ्रेंचमधून परत आणिला. पुढे गी देलरी या फ्रेंच जेझुइटाने तुकोबांच्या अभंगांचे फ्रेंच भाषांतर १९५६ साली प्रसिद्ध केले, व विठ्ठलाच्या उपासनेवरील त्याचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापिला. या दोघांनीही कधी तरी मराठीतील पहिले वाक्य अडखळतच लिहिले असेल. त्यांचा पाहावयाचा प्रांत हा आपला प्रांत होता.

विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत दोन पाने लिहून आणावी. पहिल्या पानावर साव्वा, किंवा ज्याच्याशी आपला धागा जुळतो असा दुसरा कोणताही प्रांत, दहा वाक्यांत. त्यांपैकी एक तरी वाक्य प्रश्नाचे असावे. दुसऱ्या पानावर आपली गल्ली किंवा पेठ, दहाच वाक्यांत; त्यांपैकी एक तरी वाक्य स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय लिहू नये. पालकांस आमची विनंती एवढीच आहे: फ्रेंच येत नसले तरी हरकत नाही, मूल लिहून उठले म्हणजे त्यास मराठीत विचारावे, "तेथे तुला काय पाहावेसे वाटते, आणि का?" या प्रश्नास त्याने न अडखळता उत्तर दिले, तर त्याची फ्रेंच वही चांगली चालली आहे असे खुशाल समजावे.